वरळी ते वांद्रे सायकलने: खाडीकाठची वाट कशी वाचायची?

मुंबईचा नकाशा समोर घ्या आणि वरळी कोळीवाड्याचं उत्तर टोक शोधा, जिथे वरळीचा किल्ला आहे. तिथून माहीमच्या उपसागरापलीकडे पाहिलं की समोर वांद्र्याचा किल्ला. मधलं पाणी ओलांडून सागरी सेतू गेलेला आहे, लांबी ५.६ किलोमीटर. चारचाकी असेल तर टोल भरा, काही मिनिटांत पलीकडे.

आता हाच प्रवास सायकलने करायचा ठरवा. सेतूवर सायकलला मनाई आहे. त्यामुळे वांद्र्याला, म्हणजे उत्तरेला जायचं असूनही आधी कोळीवाड्यातून दक्षिणेकडे बाहेर पडायचं. मग प्रभादेवी, शिवाजी पार्क, माहीम आणि माहीम कॉजवे असा अख्ख्या उपसागराला वळसा घालून वांद्रे गाठायचं. अंतर जवळजवळ दुप्पट होतं.

हा वळसा कोणी आखला? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे 'भूगोलाने'. मध्ये पाणी आहे, मग वळसा घालणारच. पण पाणी तर मोटारीलाही आडवं येतं, आणि ती वळसा घालत नाही. या लेखात मला एवढंच दाखवायचं आहे: खाडीभोवतीची वाट जितकी जमीन-पाण्याने ठरते, तितकीच ती परवानगीने ठरते. आणि परवानगीला इतिहास असतो. तो शोधता येतो, तपासता येतो, त्यावर संशोधनाचा प्रश्न उभा करता येतो.

माउंटन बायकिंगच्या मार्गांची वर्णनं तुम्ही वाचली असतील. त्यांचा एक ठरलेला साचा असतो: अंतर किती, चढ किती, जमीन कशी (डांबर, मुरूम, चिखल) आणि अवघडपणा किती. चार रकाने. आपण पाचवा रकाना जोडू: इथून जायला कोणाला परवानगी आहे, आणि ती कोणी दिली?

खडक, चिखल आणि भगदाड

आधी जमीन समजून घेऊ, कारण ती वगळून केलेला इतिहास हवेत राहतो.

मुंबईचा पाया लाव्हाचा. हे थर पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे थोडे कललेले आहेत. त्यामुळे मलबार हिल ते वरळी या पश्चिमेच्या रांगेत समुद्राकडची बाजू साधारण सौम्य उताराची आणि पूर्वेची बाजू जास्त उभी. सायकल चालवणाऱ्याच्या मांड्यांना हे भूशास्त्राच्या पुस्तकाआधी कळतं. या लाव्हाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यात साठलेले गाळाचे थरही आहेत. वरळीच्या टेकडीवरच्या अशाच थरांत बेडकांचे जीवाश्म सापडले आणि रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. म्हणजे आज खाऱ्या वाऱ्याने गंजणाऱ्या या भागात कधी काळी गोड्या पाण्याचं तळं होतं.

मलबार हिल आणि वरळीच्या मध्ये ही रांग तुटते. भरतीचं पाणी या तुटीतून आत शिरायचं आणि पूर्वेचा सखल भाग बुडवायचं. इंग्रज कागदपत्रांत या जागेला 'मोठं भगदाड' अशाच अर्थाचं नाव आहे. वरळी तेव्हा वेगळं बेट होतं. आज हाजी अलीहून वरळीकडे जाणारा लाला लजपतराय मार्ग ज्या बांधावरून जातो, तो हे भगदाड बुजवणारा बांध, म्हणजे हॉर्नबी वेलार्ड. 'वेलार्ड' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, अर्थ कुंपण किंवा बांध.

या बांधाच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली गव्हर्नर विल्यम हॉर्नबीची. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांची मंजुरी नसतानाही त्याने काम रेटलं आणि १७८०च्या दशकात ते पुरं झालं. दुसरी रामजी शिवजी या पाठारे प्रभू बांधकाम करणाऱ्याची. बांध पुन्हा पुन्हा खचत होता, मग देवी स्वप्नात आली, समुद्रातून मूर्ती काढल्या, बांध टिकला आणि महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी इथे थांबावं. दोन्ही गोष्टींत एकच माणूस एका झटक्यात काम फत्ते करतो, एकीत साहेब आणि दुसरीत कंत्राटदार. प्रत्यक्षात हे भगदाड बुजवायचे प्रयत्न अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झालेले दिसतात. म्हणजे हे काम कित्येक दशकं, थोडं थोडं करत, पडत-उभं राहत झालेलं आहे. मग दंतकथा टाकून द्यायची का? अजिबात नाही. बांध कधी बांधला याचा पुरावा म्हणून ती कच्ची आहे. पण त्याचं श्रेय कोणाला द्यावं असं कोणत्या समाजाला वाटलं, याचा पुरावा म्हणून ती पक्की आहे. एकाच साधनातून दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. कुठला विचारतोय हे मात्र स्वतःला स्पष्ट हवं.

आपल्या पाचव्या रकान्यात या बांधाबद्दल काय लिहायचं? पाण्याची जागा रस्त्याने घेतली. बैलगाडीला आणि पायी जाणाऱ्याला वाट मिळाली. आतल्या खाजणावर जमीन तयार झाली आणि त्याच सखल पट्ट्यात पुढे महालक्ष्मीचं रेसकोर्स आलं. होडीची वाट मात्र कायमची बंद झाली. ही शेवटची नोंद बहुतेक पुस्तकांत नसते, ती आपल्यालाच करायची आहे.

किल्ले सांगतात की ही सीमा होती

वरळीहून प्रभादेवीमार्गे माहीमकडे निघालो की आपण मिठी नदीच्या मुखाकडे जात असतो. विहार आणि पवई तलावांचं सांडपाणी, म्हणजे सांडव्यावरून वाहणारं पाणी, घेऊन मिठी साधारण १८ किलोमीटर वाहते आणि माहीमला समुद्राला मिळते. भरतीला समुद्र नदीत शिरतो, ओहोटीला नदी समुद्रात जाते. दोन्हीकडे चिखल आणि तिवरं.

या मुखाभोवती किल्ल्यांची रांग आहे. दक्षिणेकडून सुरुवात केली तर वरळी, माहीम, धारावीचा काळा किल्ला आणि शीव. पाण्यापलीकडे वांद्र्याचा किल्ला. एवढ्याशा जागेत इतके किल्ले का? कारण ही खाडी म्हणजे दोन राज्यांची सीमा होती. मुंबई बेट १६६१च्या विवाह-तहाने इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं. पलीकडचं साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठे साष्टीत उतरले आणि १७३९ मध्ये वसई पडली. इंग्रजांनी साष्टी घेतली ती १७७४च्या अखेरीस. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं माहीमची खाडी ओलांडणं म्हणजे दुसऱ्याच्या मुलुखात जाणं होतं.

यात काळा किल्ला सगळ्यात बोलका आहे. धारावीत बस डेपोजवळ, घरांच्या गर्दीत तो उभा आहे. त्याच्यावरच्या शिलालेखात गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव आणि १७३७ हे साल कोरलेलं आहे. साल जुळवून बघा: मराठे पलीकडच्या काठावर आले तेच हे वर्ष. एवढ्यावरून 'मराठ्यांच्या भीतीनेच बांधला' असं ठोकून देऊ नका. तारखा जुळल्या म्हणजे कारण सिद्ध होत नाही. पण तारखा जुळल्या म्हणजे कुठल्या दप्तरात, कुठल्या महिन्यांचे कागद उघडायचे हे मात्र कळतं. चांगल्या पुराव्याचा पहिला उपयोग हाच.

आणखी एक गोष्ट बघा. खाडीवर लक्ष ठेवायला बांधलेल्या या किल्ल्यातून आज खाडी दिसत नाही. किल्ला हलला नाही, पाणी हललं. भराव पडत गेले, वस्ती वाढली, पात्र आकसलं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने आपली जुनी जागा परत मागितली, तेव्हा हा आकसण्याचा इतिहास सगळ्या शहराला एका दिवसात शिकावा लागला.

वरळीच्या किल्ल्याबद्दलही एक सूचना. त्याला सर्रास 'पोर्तुगीज किल्ला' म्हटलं जातं, पण बांधकाम सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, इंग्रजांचं मानलं जातं. जुनं आणि दगडी दिसलं की पोर्तुगीज म्हणायची आपल्याकडे सवय आहे. एखादी माहिती वीस ठिकाणी छापली म्हणून ते वीस पुरावे होत नाहीत. बऱ्याचदा तो एकच पुरावा वीस वेळा उतरवलेला असतो.

१८४५: टोल न घेण्याची अट

पूर्वी माहीम ते वांद्रे हा प्रवास होडीने व्हायचा. पावसाळ्यात, भरतीच्या जोरात होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. बांध-रस्ता करावा अशी मागणी होती, पण सरकारी तिजोरीतून खर्च होईना. शेवटी सर जमशेटजी जीजीभाय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. दादर-माहीममधून जाणाऱ्या एल. जे. रोडचं पूर्ण नाव लेडी जमशेटजी रोड आहे, ते याच आवाबाईंमुळे.

या देणगीला एक अट होती: या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही.

पाचव्या रकान्यासाठी यापेक्षा मोलाची नोंद नाही. पूल बांधणं ही अभियांत्रिकी झाली, पण 'टोल नाही' ही अट सांगते की रस्ता कोणाला डोळ्यांसमोर ठेवून बांधला. ज्याच्या खिशात होडीवाल्याला द्यायलाही कष्टाने पैसे असतील, डोक्यावर पाटी घेऊन जी बाई बाजाराला निघाली असेल, ती माणसं इथे धरलेली आहेत. आणि आज, जवळजवळ १८० वर्षांनी, वरळीहून वांद्र्याला निघालेला सायकलस्वार याच कॉजवेवरून जातो. त्याला पलीकडे नेणारी परवानगी एकोणिसाव्या शतकात लिहिली गेली आहे.

कॉजवेआधीचा खाडीप्रवास कसा असेल याचा अंदाज हवा असेल तर कोकणात जा. किनाऱ्याने मुंबई ते गोवा सायकल चालवणारे दिघी-आगरदांडा, वेश्वी-बाणकोट, दाभोळ-धोपावे इथे सायकल फेरीबोटीवर चढवतात. एकाच बोटीत ट्रक, जीप, मोटारसायकली, शाळेची मुलं, टोपलीवाल्या आणि सायकलवाले. प्रत्येकाचं भाडं वेगळं, पण पलीकडे सगळे एकाच वेळी पोहोचतात. खाडीवर पूल झाला की वेळ वाचतो यात शंका नाही. प्रश्न एवढाच की त्या पुलावर बोटीतले सगळे मावतील का. कोकणातल्या खाड्यांवर पूल होत असतानाच हा प्रश्न विचारायला हवा, म्हणून हे तिरकस उदाहरण.

वरळीत बनलेली सायकल

आता सायकलकडे वळू, कारण परवानगी वाहनाला मिळते आणि वाहनाला समाजात एक पायरी असते.

फार कमी लोकांना आठवतं की वरळीत सायकलचा कारखाना होता. हिंद सायकल्स ही देशातल्या सुरुवातीच्या सायकल कारखान्यांपैकी एक. पुढे कंपनी अडचणीत आली आणि १९८०च्या कायद्याने, आसनसोलच्या सेन-रॅलेसोबत, तिचं राष्ट्रीयीकरण झालं. वरळीच्या कंपनीचं नाव झालं नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. आज त्या परिसरात उंच इमारती आणि कार्यालयं आहेत. सायकल बनवणारी वरळी राहिली नाही.

त्या काळातली काळी, उभ्या बांध्याची सायकल कोणाची होती? दूधवाला, पाववाला, डबेवाला, पाळीला निघालेला कामगार. ती कष्टाची सायकल. तिच्यासाठी वेगळी मार्गिका कोणी आखली नाही. रस्ता सगळ्यांचा होता आणि त्यातच ती चालायची.

माउंटन बाइकचा जन्म अगदी वेगळ्या ठिकाणचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगण्यात, टॅमलपायस डोंगरावर, १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली उतारावरून सोडायचे. १९७६ पासून तिथे 'रिपॅक' नावाची शर्यत होऊ लागली. नावाचं कारण गमतीशीर आहे: उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी नवीन भरावं लागायचं. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास या कामासाठी सांगाडा बनवला. पुढे गॅरी फिशर, चार्ली केली यांनी अशा सायकली विकायला सुरुवात केली आणि हा प्रकार जगभर गेला.

या कथेचा उरलेला भाग कमी सांगितला जातो. ज्या डोंगरावर माउंटन बाइक जन्मली, तिथल्याच अरुंद पायवाटा पुढे तिला बंद झाल्या. पायी चालणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांच्यात वाद झाले आणि सायकलला मुख्यतः रुंद वणवा-रस्त्यांवर, वेगाची मर्यादा पाळून फिरायची मुभा राहिली. म्हणजे कॅलिफोर्निया असो की वरळी, वाटेचा नकाशा काढताना 'चढ किती' इतकाच 'चालू देतात का' हा प्रश्न महत्त्वाचा.

आपल्याकडे हीच जाड टायरची सायकल मुख्यतः डांबरावर धावते. मुंबईत तिला खरीखुरी मातीची वाट हवी असेल तर आरे किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे वळावं लागतं. ही हौसेची सायकल. हौस हा शब्द मी हिणवून वापरत नाही. पण कष्टाच्या सायकलला जे मिळालं नाही ते हौसेच्या सायकलला काही प्रमाणात मिळालं. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने नरिमन पॉइंट ते वरळी असा साधारण ११ किलोमीटरचा सायकलमार्ग सुरू केला, तो फक्त रविवारी सकाळी. वार आणि वेळ बघा. रविवारी सकाळी कामावर कोण जातं?

याच्या उलट उदाहरण मिठीच्या काठावरच्या वांद्रे-कुर्ला संकुलाचं. तिथे २०११च्या सुमारास एमएमआरडीएने रोजच्या वापरासाठी सायकल मार्गिका केल्या. त्यांच्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि २०२५ मध्ये त्या जागी वाहनांसाठी जास्तीची मार्गिका करायचा निर्णय जाहीर झाला. रविवारची सायकल सगळ्यांना आवडते. सोमवारच्या सायकलला जागा द्यायची म्हटली की कोणाची तरी जागा घ्यावी लागते, आणि खरी परीक्षा तिथे होते.

ज्यांची वाट पाण्यातून जाते

आतापर्यंत मी वरळीला 'निघायचं ठिकाण' म्हणून वापरलं. कोळीवाड्यातल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, आमची वाट जमिनीवरून नाहीच. गोल्फादेवीच्या देवळाखालच्या या वस्तीचा मोठा रस्ता म्हणजे समुद्र. सायकलस्वाराला जे पाणी अडथळा वाटतं, तोच कोळ्याचा रस्ता.

सागरी सेतू ३० जून २००९ रोजी खुला झाला. पायी जाणारे, सायकली, दुचाकी, तीनचाकी यांना मनाई. पण सेतूखालून कोळ्यांच्या होड्या जायला हव्यात, हा मुद्दा तेव्हाही होता. वरळीकडच्या केबलने तोललेल्या भागात मुख्य खांबांमधलं अंतर १५० मीटर आहे.

मग आला किनारी रस्ता, मरीन लाइन्सच्या प्रिन्सेस स्ट्रीटपासून वरळीपर्यंत, १०.५८ किलोमीटर. त्याच्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्यव्यवसाय सहकारी सोसायटी होती. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन मंजुरी रद्द केली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं.

पुढचा वाद मीटरमधला होता. किनारी रस्ता सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं, नेमकं क्लीव्हलँड बंदरातून होड्या ये-जा करतात तिथे. कोळी म्हणत होते, एवढं पुरणार नाही. कागदावर ६० मीटर मोकळं दिसतं, पण वारा आणि ओढ होडीला बाजूला लोटतात, समोरून दुसरी होडी येते, आणि पावसाळी समुद्रात खांबाजवळ जाणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यांची मागणी २०० मीटरपर्यंतची होती. बरीच ओढाताण होऊन डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटरवर तोडगा निघाला आणि त्यासाठी एक खांब वगळण्यात आला.

एक खांब. संशोधकाच्या नजरेने बघा: हा खांब नकाशावर नाही, जमिनीवर नाही, पाण्यातही नाही. पण जो खांब उभा राहिला नाही तोही पुरावाच आहे. कोणाचं तरी ज्ञान, जे कुठल्या पुस्तकात नव्हतं, आराखड्यात शिरलं याचा पुरावा. शंभर वर्षांनी कोणी हा पूल मोजेल तेव्हा त्याला मध्येच दुप्पट अंतर सापडेल आणि तो कारण शोधेल. आज आपण ते लिहून ठेवलं नाही तर तो बहुधा 'खडक वाईट असेल' असं काहीतरी तांत्रिक कारण देऊन मोकळा होईल.

किनारी रस्ता ११ मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्याच्या मुख्य मार्गावरही सायकलला आणि दुचाकीला मनाईच.

सगळी मनाई सारखी नसते

इथपर्यंत वाचून 'सायकलवर अन्याय झाला' असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. तो आवरा. मोह झाला की मुद्दाम उलट उदाहरण शोधायचं, ही सवय पीएचडीत फार कामी येते.

उलट उदाहरण आहे तिवरांचं. जगभरातल्या खाडीमुखांचे सायकलमार्ग काठाकाठाने, ओल्या मातीतून जातात आणि त्यांचे फोटो पाहून आपल्याकडे मिठीकाठीही अशी वाट हवी असं वाटतं. पण मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये तिवरांच्या तोडीवर आणि त्यांच्या भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यातल्या बांधकामावर बंदी घातली. २०१८च्या निकालात हे संरक्षण आणखी पक्कं झालं. ही मनाई आहेच, पण ती २६ जुलैचा धडा शिकलेली आहे. तिवरं पाण्याचा जोर घेतात, गाळ धरतात, माशांची पिल्लं सांभाळतात. त्यांच्यामधून सायकलची वाट काढली तर कोळ्याच्या जाळ्यावर परिणाम होईल.

मग सेतूवरच्या मनाईचं काय? जोराचा वारा आणि गाड्यांचा वेग ही कारणं खोटी नाहीत. पण सेतूचा आराखडा करतानाच एक अरुंद मार्गिका वेगळी ठेवली असती तर ही कारणं लागू पडली असती का, हा प्रश्न उरतो. म्हणजे मनाई दोन प्रकारची: एक, जी जागेच्या स्वभावातून येते. दुसरी, जी आराखड्यात आधीच बसवली जाते आणि मग जागेचा स्वभाव म्हणून सांगितली जाते. दोन्ही वेगळ्या ओळखता आल्या की तुमच्या हाती खरा संशोधन-प्रश्न आला.

तुम्ही कुठून सुरुवात कराल?

तुमच्या गावाजवळची एखादी खाडी, नदीचं मुख, धरणाचा काठ घ्या. त्याभोवतीची एक वाट निवडा आणि शक्यतो सायकलने जा, कारण सायकलवर चढ-उतार अंगाला कळतात आणि कुठेही उतरून विचारता येतं. मग वाटेच्या प्रत्येक तुकड्याला चार प्रश्न विचारा. हा कधी आणि कोणाच्या पैशाने झाला? इथे आधी काय होतं? इथून कोणाला जाता येत नाही? हा झाल्यामुळे कोणाची वाट मोडली?

उत्तरं एका ठिकाणी मिळणार नाहीत. मुंबईपुरतं बोलायचं तर जुन्या गॅझेटियरमध्ये बांधांच्या आणि किल्ल्यांच्या तारखा मिळतात, पण तिथे बोलणारा आवाज सरकारचा असतो. गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३चं 'मुंबईचे वर्णन' मराठी डोळ्यांनी शहर दाखवतं. एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीचे नकाशे पाण्याची जुनी कड दाखवतात. ते आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून बघा, काळा किल्ला पाण्यापासून किती दूर गेला ते दिसेल. पुराभिलेख विभागात पत्रव्यवहार आहे, न्यायालयाच्या निकालांत अलीकडचे वाद. आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा कागदावर नसतंच. ते बंदरावर जाळं विणत बसलेल्या माणसाकडे असतं. त्याला 'माहिती द्या' म्हणू नका. 'पूर्वी होडी कुठून काढायचात?' एवढंच विचारा, आणि तो बोटाने दाखवेल ती दिशा वहीत काढून घ्या.

प्रत्येक तुकड्याची नोंद करताना चौथा प्रश्न कोरा राहिला तर तो तसाच ठेवा, अंदाजाने भरू नका. वरळी ते वांद्रे या एका वळशात अठराव्या शतकातला बांध, १८४५चा कॉजवे, २००९चा सेतू आणि २०२२ मध्ये वगळलेला एक खांब भेटतात. तुमच्या खाडीभोवती काय भेटतं ते मला कळवा. वही आणि पंक्चरचं सामान बरोबर ठेवा, आणि निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून घ्या.